विणकराचा माग आणि शेजारची आजारी बाई: रिवाशांचा निवाडा न्याय्य होता का?

सांजपाखरू

एक विणकर राहत्या घरातच माग टाकून कापड विणतो. भिंतीला भिंत लागून शेजारी राहतो, त्याची बायको आजारी आहे. मागाचा प्रत्येक ठोका तिच्या डोक्यात जातो. शेजारी म्हणतो, माग बंद कर. विणकर म्हणतो, माझ्या घरात मी माझा धंदा करतो, तुझं मी काय घेतलंय?

हा तंटा निवाड्यासाठी रब्बी इत्झाक बेन शेशेत यांच्यापुढे आला. ज्यू धर्मशास्त्रात त्यांना रिवाश म्हणतात. जन्म १३२६, बार्सिलोनाचा. सारागोसा, वालेन्सिया इथे ते रब्बी होते. १३९१ साली स्पेनमध्ये ज्यूंच्या कत्तली झाल्या तेव्हा जीव वाचवून अल्जीअर्सला गेले आणि १४०८ साली तिथेच वारले. त्या काळी गावोगावच्या धर्मपंचायती, म्हणजे बेथ दीन, अडलेली प्रकरणं अशा पंडितांना लिहून कळवत आणि त्यांच्या लेखी उत्तरावरून निकाल लागे. रिवाशांची अशी शेकडो उत्तरं पुढे छापली गेली. मागाचं प्रकरण त्यात १९६ व्या क्रमांकावर आहे.

आता शास्त्र बघा. सन २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या ज्यू नियमसंग्रहात नियम स्पष्ट आहे. सामाईक अंगणात कुणी दुकान उघडलं तर शेजारी हरकत घेऊ शकतो, 'येणाऱ्याजाणाऱ्यांच्या आवाजाने मला झोप लागत नाही' असं म्हणू शकतो. पण कुणी घरात वस्तू बनवून बाजारात नेऊन विकत असेल, तर हातोड्याचा आवाज, जात्याचा आवाज, मुलांचा आवाज, यातल्या कशावरही हरकत घेता येत नाही. विणकराची बाजू इथेच भक्कम होते. तो कापड घरात विणतो, गिऱ्हाइकं घरी येत नाहीत.

तरीही रिवाशांनी निवाडा दिला तो आजारी बाईच्या बाजूने. हातोड्याच्या आवाजावर बोलायचं नाही हा नियम धडधाकट माणसांसाठी आहे, ज्याला आजारपणामुळे त्या आवाजाचा त्रास होतो तो हरकत घेऊ शकतो, असं ते म्हणाले. आधार घेतला तालमूदमधल्या, म्हणजे मिश्नावरच्या चर्चेच्या ग्रंथातल्या, राव योसेफ यांच्या गोष्टीचा ('राव' ही तिथल्या पंडितांची पदवी). चौथ्या शतकातले बाबिलोनियातले हे मोठे पंडित. त्यांच्या खजुरीच्या झाडांखाली तुंबड्या लावून रक्त काढणारे बसायचे. सांडलेल्या रक्तावर कावळे यायचे, मग झाडावर बसून खजूर नासवायचे. राव योसेफ म्हणाले, ही काव काव माझ्यापुढून हलवा. त्यांचा शिष्य अबाये याने आक्षेप काढला की ते लोक थेट काही नुकसान करत नाहीत, कावळे करतात. दुसरा आक्षेप वहिवाटीचा: ते इथे कधीपासून बसतात! त्यावर राव योसेफ यांचं उत्तर असं की धूर आणि शौचकूप यांसारख्या त्रासाला वहिवाट लागू होत नाही, आणि माझ्या मनाला हे सहनच होत नाही, म्हणून माझ्यासाठी हे धूर आणि शौचकूपासारखंच आहे.

रिवाशांनी तोच धागा आजारी बाईपर्यंत नेला. पुढे क्राकूचे रब्बी मोशे इसर्लिस यांनी शुल्हान आरूख या संहितेवरच्या आपल्या टिपांत हा निवाडा घेतला आणि तो कायमचा शास्त्रात बसला.

मला हा निवाडा शंभर टक्के पटतो. त्रास किती झाला हे ज्याला तो झाला त्याच्या अंगावरून मोजायचं. सरासरी माणूस नावाचा कुणी त्या भिंतीपलीकडे झोपलेला नसतो. तिथे ती बाई झोपलेली असते.

तुमचं मत काय?

---

तराजू

धागा उत्तम, निष्कर्ष अजिबात मान्य नाही.

कायद्याचं पहिलं काम असतं माणसाला आधी सांगणं की काय चालेल आणि काय नाही. मिश्नाने विणकराला आधीच सांगून ठेवलं होतं की घरात काम कर, बाजारात वीक, तुला कुणी अडवणार नाही. त्या भरवशावर त्याने माग टाकला. मग भिंतीपलीकडे कुणीतरी आजारी पडलं आणि तोच माग बेकायदा ठरला. विणकराने काय वेगळं केलं? काहीच नाही. उद्या ती बरी झाली तर माग पुन्हा कायदेशीर, परवा पुन्हा ताप आला की पुन्हा बंद. असा कायदा पाळायचा कसा?

तुम्ही कावळ्यांची गोष्ट दिलीत, पण तालमूदच्या त्याच भागात, बावा बात्रा ग्रंथात, थोडं पुढे पापी नावाच्या माणसाची गोष्ट आहे, ती सांगितली नाहीत. पापी गरिबीतून वर आला, वाडा बांधला. शेजारी तेल काढणारे. ते तीळ कुटायला लागले की वाडा हादरायचा. प्रकरण राव आशी या पंडितांकडे गेलं. त्यांनीही पापीची बाजू घेतली. पण मग प्रश्न आला की नेमकं किती हादरलं म्हणजे हरकत घेता येईल? उत्तर असं: रांजणाच्या तोंडावरचं झाकण हललं पाहिजे.

पुन्हा वाचा. झाकण हललं पाहिजे. पापीला किती त्रास होतो, तो किती नाजूक आहे, कुणी विचारलं नाही. रांजण ठेवा, झाकण ठेवा, दोन्ही बाजूंसमोर बघा. मला न्याय यात दिसतो. झाकण कुणाच्या बाजूचं नसतं.

इंग्रजी कायदाही याच वाटेने गेला. १८८९ सालचा रॉबिन्सन विरुद्ध किलव्हर्ट हा खटला घ्या. खाली तळघरात मालक खोक्यांच्या कामासाठी हवा गरम करायचा, वर भाडेकरूने तपकिरी कागद साठवला होता. उष्णतेने कागद सुकला, वजन घटलं, किंमत उतरली. कोर्टाने दावा फेटाळला, कारण एवढ्या उष्णतेने साध्या कागदाला काही झालं नसतं. तुझा माल जास्त नाजूक असेल तर तो भार शेजाऱ्यावर टाकू नको.

---

धोटा

मी इचलकरंजीचा. घरात तीन पिढ्या माग. त्यामुळे मला पहिल्यांदा तो विणकरच दिसला.

वरच्या चर्चेत कुणी मागाच्या आवाजाचं बोललेलं नाही, म्हणून सांगतो. त्या काळचा धोटा, म्हणजे आडवा धागा नेणारी कांडी, हाताने फेकायचा, दोरीच्या झटक्याने उडणारा धोटा १७३३ नंतरचा. म्हणजे खटखट धोट्याची नव्हती. आवाज होता फणीचा. बाण्याचा एकेक धागा टाकला की फणी ओढून तो आधीच्या धाग्यावर ठोकून बसवायचा. प्रत्येक धाग्यामागे एक ठोका. माग भिंतीला किंवा जमिनीत पक्का बसवलेला असेल तर तो ठोका भिंतीतून पलीकडे जाणारच. हळू मारा म्हणणाऱ्याने एकदा मागावर बसावं. फणी हळू मारली तर कापड विरळ येतं, व्यापारी हात लावत नाही. आणि काम दिवसाउजेडीच होतं, म्हणजे 'रात्री कर' हा पर्यायही नाही. त्याच्यापुढे दोनच गोष्टी होत्या, ठोकणं किंवा उपाशी राहणं.

आणि जाणार कुठे? स्पेनमधले ज्यू बहुतेक आपल्या ठरलेल्या वस्तीतच राहायचे, गल्ल्या अरुंद, घराला घर चिकटलेलं. सांजपाखरू, तुम्ही बाईच्या उशाशी बसून निवाडा वाचलात. मान्य. पण त्याच गल्लीत विणकराची मुलंही होती.

---

सांजपाखरू

धोटा, फणीचं तुम्ही जे लिहिलंत त्याने माझं चित्र जास्त स्पष्ट झालं, पण मत उलट घट्ट झालं. ठोका हळू करता येत नाही, वेळ बदलता येत नाही. म्हणजे पलीकडच्या बाईला दिवसभर सुटका नाही. प्रत्येक धाग्यामागे एक ठोका, आणि ती उठून कुठे जाऊही शकत नाही. विणकराला हलणं अवघड होतं, कबूल. तिला अशक्य होतं.

आईची केमोथेरपी चालू होती तेव्हा वरच्या मजल्यावर फरशी तोडायचं काम निघालं. बाकी कुणाला त्याचं विशेष काही वाटत नव्हतं, दिवसाचीच वेळ होती. आई दोन्ही हातांनी कान दाबून भिंतीकडे तोंड करून पडायची. तेव्हा कुणी रांजण आणून झाकण ठेवलं असतं तर ते हललं नसतं. म्हणून काय तिला त्रास नव्हता?

तराजू, झाकणाची गोष्ट मी वगळली कारण तो प्रश्न घराच्या हादरण्याचा आहे. इमारतीला किती धक्का बसतो हे वस्तूवरूनच मोजायचं, बरोबर आहे. माणसाच्या शरीराला किती बसतो हे झाकणावरून कसं कळणार? रिवाशांनी नेमका हाच फरक धरला.

इंग्रजी कायद्याचं म्हणाल तर रॉबिन्सनच्या आधी दहा वर्षं, १८७९ साली, स्टर्जेस विरुद्ध ब्रिजमन झाला. लंडनमध्ये मिठाईवाला वीस वर्षांहून जास्त काळ खल कुटत होता, कुणाची तक्रार नव्हती. मागच्या बाजूला राहणाऱ्या डॉक्टरने बागेच्या टोकाला तपासणीची खोली बांधली आणि मग आवाज नको झाला. आधीपासूनचा होता मिठाईवाला, तरी जिंकला डॉक्टर. म्हणजे 'मी आधी होतो, मी काही बदललं नाही' हे उत्तर तिथेही पुरलं नाही. आणि तिथे तर कुणी आजारीही नव्हतं.

---

लोदकर

मराठीत या विषयावर वाचून फार बरं वाटलं. मी बेने इस्राएल, आईवडील अलिबागकडचे, आता इथे इस्राएलमध्ये लोदला. आमचे पूर्वज कोकणात शनिवार तेली म्हणून ओळखले जायचे, शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून. त्यामुळे पापीच्या गोष्टीतले तेलवाले मला जवळचे. एक बारकावा: त्या गोष्टीत तीळ कुटतात. आपला बैलघाणा कुटत नाही, फिरतो. करकर होते, जमीन हादरत नाही. घाण्याशेजारी वाडा बांधला असता तर पापीला राव आशींकडे जायची वेळ आली नसती.

मुद्द्यावर माझं मत तराजूंच्या जवळचं आहे. झाकणासारखी खूण नसेल तर ज्याचा आवाज मोठा त्याचा त्रास मोठा ठरतो.

---

तराजू

लोदकर, अगदी हेच.

सांजपाखरू, तुमच्या आईबद्दल वाचून वाईट वाटलं, ते मनापासून. पण म्हणूनच सांगतो, अशा वेळी शेजाऱ्याकडे मागायची असते माणुसकी, आणि ती त्याने दाखवलीच पाहिजे. कायद्याने सक्ती ही वेगळी गोष्ट.

राव योसेफच्या गोष्टीचा आधारही मला कच्चा वाटतो. झाडं त्यांची, त्रास त्यांचा आणि शास्त्र सांगणारेही तेच. 'माझ्या मनाला सहन होत नाही' हे एका थोर पंडिताने म्हटलं तर ऐकलं जातं. रस्त्यावर तुंबड्या लावणाऱ्या गरिबाने म्हटलं असतं तर? या तत्त्वाचा फायदा नेहमी त्यालाच होतो ज्याच्या नाजूकपणाला समाजात किंमत असते.

दुसरं, शुल्हान आरूखमध्ये आलं म्हणजे वाद मिटला असं नाही. मूळ मिश्नाने मुलांच्या आवाजावर हरकत का नाकारली? तालमूदमध्ये त्याचं कारण शाळेशी जोडलंय. पहिल्या शतकातले प्रमुख पुरोहित येहोशुआ बेन गामला यांनी गावोगावी शिक्षक नेमायची व्यवस्था केली, सहा-सात वर्षांपासून मुलं शाळेत. वर्गाचे आकडेसुद्धा तिथेच दिलेत: २५ मुलांना एक शिक्षक, ४० झाली की मदतनीस, ५० झाली की दोन शिक्षक. पंचवीस मुलं एका सुरात पाठ म्हणतायत, तो आवाज किती असेल विचार करा. तरी शेजाऱ्याने सोसायचा, कारण त्याच्याशिवाय गाव चालत नाही. विणकराशिवाय गाव चालतं का?

---

कौलारू

दोन्ही बाजू ज्या टोकाला भांडतायत तिथे परंपरेने नंतर एक कुंपण घातलं, ते चर्चेत यायला हवं.

रब्बी अव्राहम येशाया कारेलित्झ, 'हाझोन ईश' नावाने प्रसिद्ध, १८७८ ते १९५३, शेवटची वीस वर्षं इस्राएलमधल्या बने ब्राकला. त्यांनी रिवाशांचा हा निवाडा घेऊन विचारलं: शेजारच्या घरात तान्हं बाळ रात्री रडतं, इकडे आजारी माणसाला झोप नाही. मग बाळाच्या आईबापांना घर सोडायला लावायचं का? उत्तर: नाही. घरात राहणं म्हणजे जे जे आलं, बाळाचं रडणं आलं, ते आजारी माणसालाही अडवता येत नाही. आजारी माणसाची हरकत चालते ती राहण्यापलीकडच्या कामावर.

त्यामुळे तराजूंची 'उद्या कुणीही काहीही बंद पाडेल' ही भीती तितकी खरी नाही. स्वयंपाक, मुलं, पाहुणे, सणवार सुरक्षित आहेत. उघडा राहतो तो धंदा. मला ही रेघ योग्य वाटते. घर सगळ्यांना लागतं. कारखाना घरातच लागतो असं नाही.

माझा कौल रिवाशांना.

---

धोटा

'कारखाना घरातच लागतो असं नाही' हे आजचं वाक्य आहे, कौलारू. त्या विणकराला घर आणि कारखाना अशा दोन जागा परवडत असत्या तर त्याने घरात माग टाकलाच नसता. मिश्नामधला हातोडावाला घरातच हातोडा मारतो आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही, कारण तेव्हा राहणं आणि राबणं एकाच छपराखाली होतं. हाझोन ईशची रेघ विसाव्या शतकातल्या घराला बसते. चौदाव्या शतकातल्या घरावर ती ओढली तर घराचा अर्धा भाग रेघेबाहेर जातो.

पण नुसता विरोध करून थांबत नाही. माझा आक्षेप आता नेमका सांगतो: निवाड्यात विणकराच्या नुकसानीचा हिशोब कुठे आहे?

मिश्नाला असा हिशोब माहीत होता. गावाजवळचं झाड गावापासून २५ हात लांब हवं, कॅरोब किंवा सायकॅमोर (उंबराच्या जातीचं) यांसारखी पसरणारी झाडं असतील तर ५० हात, असा नियम आहे. गाव आधी आणि झाड नंतर लावलं असेल तर झाड तोडायचं, भरपाई नाही. झाड आधी आणि गाव नंतर वाढलं असेल तर तोडायचं, पण झाडवाल्याला पैसे द्यायचे. किती सरळ आहे! गावाची गरज मोठी म्हणून झाड जातं, पण आधी असलेल्याचा तोटा गाव भरून देतं. विणकराला हाच न्याय लावा. बाईच्या आजारासाठी माग हलवा, हरकत नाही. आधीपासूनचा माग असेल तर हलवायचा खर्च, नवी जागा मिळेपर्यंतची कमाई, हे पंचायतीने उभं करावं. दुबळ्याची काळजी घ्यायची ठरवली सगळ्यांनी आणि किंमत मोजली एकट्या विणकराने, हे मला पटत नाही आणि पटणार नाही.

---

सांजपाखरू

हा या धाग्यातला सगळ्यात वजनदार प्रतिसाद आहे. भरपाईला माझा विरोध नाही, उलट ती असावीच. शेजाऱ्याची ऐपत असेल तर त्याने द्यावी, नसेल तर समाजाच्या धर्मादाय पेटीतून द्यावी.

पण क्रम महत्त्वाचा आहे. तुम्ही दिलेल्या झाडाच्या नियमावर तालमूदमध्ये लगेच प्रश्न विचारलाय: झाडवाला असं का म्हणू शकत नाही की आधी पैसे द्या, मग तोडतो? राव काहाना म्हणतात, भागीदारीतलं भांडं ना थंड ना गरम. म्हणजे पैसे द्यायचे गावाने, गाव म्हणजे सगळे, आणि सगळ्यांनी मिळून द्यायचं म्हटलं की प्रत्येक जण दुसऱ्याच्या तोंडाकडे बघतो. भरपाई हातात पडेपर्यंत थांबलं तर झाड कधीच तुटणार नाही. म्हणून आधी तोडायचं, पैशाचं मग बघायचं.

झाडाच्या बाबतीत कारण होतं गावाच्या शोभेचं, तरी इतकी घाई. इथे तर आजारी माणूस आहे. पंचायत वर्गणी गोळा करेल, कुणी महिना म्हणेल, कुणी सुगीनंतर म्हणेल, तोवर ठोके चालूच. आधी माग थांबवा. मग विणकराचे पैसे द्या, आणि नाही दिले तर पंचायतीला जाब विचारायला मी तुमच्या बरोबर उभी राहीन.

तराजू, तुमच्या 'किंमत असलेल्यांचा नाजूकपणा' या मुद्द्यावर एवढंच म्हणते की रिवाशांच्या उत्तराचं मोल मला तिथेच वाटतं. राव योसेफ मोठे होते म्हणून त्यांचं ऐकलं गेलं असेलही. पण रिवाशांनी ते त्यांच्या मोठेपणाच्या खात्यावर टाकलं नाही. पंडिताला मिळालेली सवलत त्यांनी एका आजारी बाईला दिली, जिचं नावसुद्धा कुणी लिहून ठेवलं नाही.

---

धोटा

क्रमाचं मान्य करायला मी तयार होतो, पण राव काहानांचं वाक्य पुन्हा वाचल्यावर थांबलो. भागीदारीतलं भांडं गरम होत नाही हे कारण झाड तोडण्याआधी जेवढं खरं, तेवढंच तोडल्यानंतरही खरं. आधी पैसे गोळा होत नाहीत तर नंतर कसे होतील? झाड पडल्यावर गावाला घाई उरत नाही. घाई उरते फक्त झाडवाल्याला.

झाडवाल्याकडे निदान जमीन तरी राहते. विणकराचा माग बंद झाला की त्या दिवसापासून घरात दाणा नाही. म्हणून मी म्हणेन, माग ज्या दिवशी थांबेल त्याच दिवशी, त्याच निवाड्यात, त्याच्या रोजच्या कमाईची रक्कम ठरली पाहिजे आणि पहिला हप्ता तक्रार करणाऱ्याने जागेवर मोजला पाहिजे, पुढे त्याने ती पंचायतीकडून वसूल करावी. वाट बघायचीच असेल तर ती शेजाऱ्याने बघावी.

---

तराजू

धोटा यांच्या शेवटच्या सूचनेला माझा पाठिंबा. पण मग शेजारीच गरीब असेल तर, पहिला हप्ताच नसेल तर, माग चालू राहणार की बंद? सांजपाखरू, याचं उत्तर तुमच्याकडून हवंय, आणि ते आजारी बाईचा विचार करून नको, विणकराच्या घरी संध्याकाळी चूल पेटायची आहे हे धरून हवं.